गिअरबॉक्स उघडायचा की बदलायचा?

मेकॅनिकलच्या पोरांना एपिसायक्लिक गिअर ट्रेन चांगलीच ठाऊक असते. मधोमध सन गिअर, भोवती प्लॅनेट गिअर, बाहेरून रिंग गिअर, मग ती टेबल आखायची आणि शेवटी उत्तराचं चिन्ह चुकवायचं. बहुतेकांचा या प्रकाराशी संबंध परीक्षेपुरताच येतो. पण हीच ट्रेन खऱ्या गाडीत बसून तेरा वर्षं फिरलेली असते, आणि एके दुपारी लीव्हर 'डी'वर टाकूनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी घरचे लोक विचारतात, "तू इंजिनिअर होऊन राह्यला ना? मग सांग, दुरुस्त करू का बदलवू?" या प्रश्नाला टेबल पद्धत पुरत नाही.

'दुरुस्त की बदली' हा प्रश्न बहुधा फार लवकर विचारला जातो, असं माझं मत आहे. नेमकं काय बिघडलं हे कळायच्या आधीच लोक किमती विचारत सुटतात. मग गॅरेजवालाही त्याला परवडेल ते उत्तर देतो. आमच्या घरची गाडी मिळेल तितक्या स्वस्तात चालू करायची होती, त्यातून जे काही शिकलो ते इथे सांगतो. वसतिगृहातल्या पोरांकडे ऑटोमॅटिक कार नसते हे मला माहीत आहे. पण स्टाफच्या पार्किंगमध्ये चार-पाच नक्की दिसतात, आणि आपापल्या घरीही आता येऊ लागल्या आहेत.

गाडी माझ्या मोठ्या बाबांची, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाची. गाव हिंगणी, तालुका सेलू, जिल्हा वर्धा. बोर धरणाकडे आणि तिथल्या व्याघ्र प्रकल्पाकडे जाणाऱ्या लोकांनी हे गाव पाहिलं असेल. मोठ्या बाबांचा डावा पाय एका अपघातानंतर गुडघ्याखाली काढावा लागला, तिथे आता जयपूर फूट आहे. क्लच दाबायला डावा पाय लागतो आणि ऑटोमॅटिकला क्लचचं पेडलच नसतं. म्हणून ही २०१२ सालची, चार गिअरची ऑटोमॅटिक त्यांनी सेकंडहँड घेतली. आठवड्यातून दोनदा मोठ्या आईला डायलिसिससाठी सेवाग्रामला न्यावं लागतं. त्यामुळे ही गाडी म्हणजे काही चैन नाही. गाडी उभी राहिली की भाड्याची करावी लागते आणि ती थांबण्याच्या वेळेसकट एका खेपेला १,४०० रुपये घेते.

एप्रिल २०२५ मध्ये लक्षणं सुरू झाली. सकाळी गाडी ठणठणीत असायची. दुपारी परत येताना दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना हिसका बसायचा, चढावर इंजिन ओरडायचं पण वेग वाढायचा नाही. पुढे पुढे तर उन्हात 'डी' लावल्यावर दोन-तीन सेकंद काहीच व्हायचं नाही. मोठे बाबा म्हणाले, "सकायी बराबर चालते गा. दुपारी मातर बैलासारखी अडून बसते."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. सकाळी बरोबर आणि दुपारी बिघाड, याचा अर्थ बिघाड तापमानाशी बांधलेला आहे. निदानाचं अर्धं काम त्यांनी तिथेच करून दिलं होतं.

आता आत काय चालतं ते थोडक्यात पाहू, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये टॉर्क कन्व्हर्टर असतो. मूळ कल्पना हरमान फ्योटिंगर या जर्मन इंजिनिअरची, पेटंट १९०५ चं, तेही जहाजासाठी. दोन पंखे समोरासमोर ठेवा. एक चालू केला की त्याच्या वाऱ्याने दुसरा फिरतो. हवेऐवजी तेल भरा, मधे तेलाची दिशा वळवणारा स्टेटर बसवा, की झाला कन्व्हर्टर. गाडी जागेवरून निघताना तो इंजिनचा टॉर्क दुपटीच्या आसपास वाढवतो, आणि वेग आल्यावर आतला लॉक-अप क्लच दोन्ही बाजू घट्ट धरतो. त्याच्या मागे आपली एपिसायक्लिक ट्रेन. सन धरायचा की रिंग, यावर कोणता गिअर लागणार ते ठरतं आणि हे धरण्याचं काम क्लच प्लेटांचे गठ्ठे करतात. प्लेटांवर कागदासारखं अस्तर असतं. त्यांना दाबायला तेलाचा दाब लागतो. तो दाब कोणत्या गठ्ठ्याकडे पाठवायचा हे व्हॉल्व्ह बॉडी नावाचा ॲल्युमिनियमचा भुलभुलैया ठरवतो. त्या भुलभुलैयाची दारं उघडणारे-मिटणारे विजेचे छोटे व्हॉल्व्ह म्हणजे सोलेनॉइड. आणि सोलेनॉइडना हुकूम देतो तो संगणक. जनरल मोटर्सने १९४० च्या मॉडेलच्या ओल्ड्समोबिलमध्ये हायड्रामॅटिक बसवली तेव्हा संगणक नव्हता, सगळं तेलाच्या दाबावरच चालायचं. बाकी तत्त्व तेच.

यातली महत्त्वाची गोष्ट म्हणजे तेल. इंजिन ऑइल मुख्यतः वंगणाचं काम करतं, पण गिअरबॉक्सचं तेल, ज्याला एटीएफ म्हणतात, ते शक्ती वाहून नेतं, क्लच दाबतं, वंगण देतं आणि उष्णताही काढून नेतं. तेल कमी झालं की पंप तेलासोबत हवा ओढतो. मग दाब पडतो, प्लेटा घसरतात, घसरल्या की तापतात आणि तापल्या की अस्तर जळतं. जळलेल्या अस्तराचा काळा गाळ व्हॉल्व्ह बॉडीत जाऊन बसतो. म्हणजे कूलरच्या नळीची गळती, जी काही शे रुपयांची, तिकडे सहा महिने दुर्लक्ष झालं तर लाखाचं बिल होऊ शकतं. उलट सुरुवातीलाच पकडली तर काहीच होत नाही. लक्षण मात्र दोन्ही वेळा एकच असतं, गाडी घसरते. म्हणून नुसत्या लक्षणावरून किंमत सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही.

आमच्याकडे आलेले भाव ऐका. सेलूच्या ओळखीच्या मिस्त्रींनी आधीच हात वर केले, "भाऊ, आटोमॅटिक हाय, आपण हात नाही लावत." प्रामाणिक माणूस. मोठ्या सर्व्हिस सेंटरने (नाव नको) गाडी उघडून न पाहताच नवीन गिअरबॉक्स सांगितला, १,८५,०००, शिवाय मजुरी आणि तेलाचे १८,०००. नागपूरला फक्त ऑटोमॅटिकचंच काम करणारे एक जण आहेत, ते पूर्ण खोलून क्लच प्लेटा आणि सील बदलायचे ८५,००० म्हणाले, तीन आठवडे आणि सहा महिन्यांची लेखी हमी. भंगारातून जुना गिअरबॉक्स आणून देतो म्हणणारा चौथा, त्याचे ४५,०००, बसवायचे १२,०००, तेल-सीलचे ६,०००, एकूण ६३,०००. पाचवा सल्ला आमच्या चुलतभावाचा, "इकून टाका." आहे त्या स्थितीत गाडीला ९०,००० येत होते. बऱ्या स्थितीतली दुसरी जुनी ऑटोमॅटिक साडेतीन लाखांच्या खाली मिळत नव्हती. म्हणजे खिशातून २,६०,०००, आणि तिच्याही गिअरबॉक्सच्या पोटात काय आहे ते कोणाला माहीत?

आणखी एक सहावा सल्लाही आला होता, ऑटोमॅटिक काढून त्याच कंपनीचा साधा गिअरबॉक्स बसवायचा. मोठ्या बाबांना त्याचा उपयोग शून्य. पण इतरांसाठी सांगून ठेवतो, हे वाटतं तेवढं स्वस्त नाही. पेडल, केबल, संगणक, वायरिंग, शाफ्ट असं सगळं बदलावं लागतं आणि मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येऊ शकतं. मूळ गाडीत मूलभूत बदल केला तर आरटीओत आणि विमा कंपनीत उत्तर देत बसावं लागतं.

बाजारात एक ठोकताळा सर्रास चालतो, की दुरुस्ती गाडीच्या किमतीच्या निम्म्यावर गेली तर गाडी विका. ऐकायला शहाणपणाचा वाटतो, पण त्यात गाडीची किंमत म्हणजे बाजारात येणारी किंमत धरलेली असते. मोठ्या बाबांना गाडी विकायची नव्हती, वापरायची होती. त्यांच्यापुढे खरी तुलना दुसरी होती: ही गाडी अजून किती वर्षं देईल आणि तेवढंच काम दुसरीकडून करून घ्यायला किती लागेल? भाड्याची गाडी केली तर महिन्याला आठ खेपांचे ११,२०० रुपये, आणि शेतात किंवा कृषी केंद्रात जायचं ते वेगळंच. दुसऱ्या बाजूला, खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१२ ची गाडी म्हणजे २०२७ ला फेरनोंदणी, तपासणी, ग्रीन टॅक्स, मग पाच वर्षांची मुदत. बॉडीला गंज असेल तर तिथेच अडकणार. दोन वर्षांनी जी गाडी कदाचित रस्त्यावर नसेल तिच्यात दोन लाखांचा नवा गिअरबॉक्स घालणं म्हणजे पाडायच्या घराला नवी कौलं घालणं. ते सर्व्हिस सेंटरचं उत्तर आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला ठेवलं.

राहिलं ८५ हजारांचं खोलकाम, ६३ हजारांचा जुना बॉक्स, किंवा आधी काय झालंय ते शोधणं. यावर मोठे बाबाच म्हणाले, "बैल लंगडला तं बाजारात नेत नाही आपण लगेच. पयले खूर पाह्यतो." मी आपल्या परीने खूर पाहायला बसलो.

सर्वात आधी तेलाची पातळी. ही इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना, मॅन्युअलमध्ये दिलेल्या लीव्हरच्या स्थितीत पाहायची. गार गाडीत बंद इंजिनवर पाहिलेली पातळी काही सांगत नाही. (काही गाड्यांना डिपस्टिकच नसते, खालच्या बोल्टमधून पाहावं लागतं, ते काम लिफ्टवरच.) आमची पातळी खुणेच्या बरीच खाली होती आणि कूलरची नळी क्लिपेपाशी ओली होती. मग तेलाचा रंग. नवं तेल लाल असतं, वापराने तपकिरी होतं, तिथवर ठीक. काळं आणि जळका वास म्हणजे अस्तर जळलं. गुलाबी, लस्सीसारखं दिसलं तर रेडिएटरच्या टाकीतला कूलर आतून फुटून पाणी तेलात आलं असं समजा. पाण्याने अस्तराचा चिकटा सुटतो, म्हणून अशा बॉक्सवर वरवरचा खर्च करू नये, तो खोलावाच लागतो. आमचं तेल गडद तपकिरी होतं. वास थोडा होता, पण करपल्यासारखा नव्हता.

नंतर इंजिनचे माउंट. हे कोणी पाहतच नाही. रबरी माउंट फाटलं तर गिअर बदलताना अख्खं इंजिन उडी मारतं आणि माणसाला वाटतं गिअरबॉक्सच गेला. आमचे बरे होते. बॅटरीचा व्होल्टेज आणि गिअरबॉक्सची अर्थची वायर पाहिली, तीही बरी. चुलतभाऊ मध्येच "ट्रॅक्टरनं ओढून नेऊ ना बे नागपूरले" म्हणत आला, त्याला थांबवलं. चालवणारी चाकं जमिनीवर ठेवून ऑटोमॅटिक ओढायची नसते. इंजिन बंद म्हणजे आतला पंप बंद, आणि चाकं फिरतात तेव्हा आतले गिअर तेलाविना फिरतात. पुढची चाकं उचलून किंवा सरळ प्लॅटफॉर्मच्या गाडीवर घालूनच न्यायची. धक्का मारूनही ती सुरू होत नाही, उगाच घाम गाळू नका.

तेल पातळीला आणून गाडी सकाळच्या गारव्यात आम्ही चालवतच नागपूरला नेली, त्या ऑटोमॅटिकवाल्यांकडेच. त्यांना म्हटलं, खोलू नका, आधी तपासा, तपासणीचे वेगळे पैसे देतो. २,५०० ठरले. या वाक्याचा फार उपयोग होतो. तपासणीचे पैसे मिळत नसतील तर माणूस दुरुस्ती गळ्यात मारणारच, त्यात त्याचा दोष नाही.

त्यांनी स्कॅनर लावला, कोड आला शिफ्ट सोलेनॉइडच्या सर्किटचा. कोड आला म्हणजे सोलेनॉइडच खराब असं होत नाही, वायर किंवा कनेक्टरही असू शकतो. म्हणून गार गाडीत ओहम मोजले: १३. त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ११ ते १५ हवेत, म्हणजे ठीक. मग गाडी अर्धा तास फिरवून गरम केली आणि पुन्हा मोजलं, तर सर्किट ओपन. आतली तांब्याची तार कुठेतरी तुटलेली, गार असताना टोकं टेकतात आणि तापून पसरली की सुटतात. दुपारच्या अडेलपणाचं एक कारण सापडलं. पण हे एकच कारण आहे का? तापलं की तेल पातळ होतं आणि झिजलेल्या सीलमधून दाब गळतो, त्यानेही नेमकं हेच लक्षण दिसतं. म्हणून गरम गाडीतच दाबाचा गेज लावला. दाब मर्यादेत होता, पण खालच्या टोकाला.

स्टॉल टेस्टही असते. ब्रेक घट्ट दाबून, 'डी'मध्ये, पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन आरपीएम किती जातो ते पाहायचं. जास्त गेला तर प्लेटा घसरतात, कमी गेला तर इंजिन कमजोर किंवा स्टेटरचा वन-वे क्लच गेला. पण ही पाच सेकंदांवर करायची नाही, सगळी शक्ती तेल तापवण्यातच जाते. अंगणात, पोरंबाळं समोर असताना तर कधीच करू नका. ब्रेक सुटला तर गाडी बाणासारखी जाते. आमच्यासाठी ती त्यांनीच एकदा केली, आकडा किंचित जास्त आला.

शेवटी खालचं पॅन काढलं. तळाच्या लोहचुंबकावर राखाडी, लोण्यासारखा मऊ थर असतो. ती इतक्या वर्षांची नेहमीची झीज, घाबरायचं नाही. चकाकणारे पोलादी तुकडे किंवा पितळी कण दिसले तर बेअरिंग-बुश गेले, तिथे वरवरचं काम थांबवायचं. काळ्या खपल्या म्हणजे अस्तर. आमच्या पॅनमध्ये राखाडी थर आणि थोडीशी काळी भुकटी होती, तुकडे नव्हते.

आता गणित, आणि हे गणित मला सगळ्यात आवडलं. फक्त सोलेनॉइड, तेल, फिल्टर, नळी असं काम केलं तर: तपासणी २,५००, सोलेनॉइड ६,८००, तेल ६,४००, फिल्टर आणि गॅस्केट २,२००, नळी ९००, मजुरी २,६००. एकूण २१,४००. पूर्ण खोलकाम ८५,०००, पण त्यात गाडी तीन आठवडे उभी, म्हणजे सहा खेपांचे ८,४०० भाड्याचे धरून ९३,४००. उभ्या गाडीचा खर्च लोक मोजतच नाहीत. समजा छोटं काम यशस्वी व्हायची शक्यता 'प' आहे. आधी छोटं काम केलं आणि फसलं तर मोठं करावंच लागेल, तेव्हा सरासरी खर्च २१,४०० अधिक (१ वजा प) गुणिले ९३,४००. हा ९३,४०० पेक्षा कमी व्हायला 'प' फक्त २३ टक्क्यांच्या वर हवा. चारात एकदा जरी जमत असेल तरी आधी छोटं काम करणं फायद्याचं! आणि गरम सोलेनॉइडचं ओपन सर्किट, दाब मर्यादेत, पॅनमध्ये तुकडे नाहीत, हे तिन्ही हातात असताना शक्यता अर्ध्याच्या वर धरायला हरकत नव्हती.

पण हेच गणित उलटही फिरतं. पॅनमध्ये पोलादी तुकडे असते किंवा तेल गुलाबी असतं, तर 'प' पाच-दहा टक्क्यांवर आला असता आणि ते २१,४०० वाया गेले असते. म्हणून किंमत महत्त्वाची आहेच, पण 'प' कळायला लागलेले २,५०० जास्त महत्त्वाचे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मित्रांनो, मल्टिमीटर आणि गरम करायची अर्ध्या तासाची फेरी, यावर सत्तर हजारांचा फरक पडला.

तेलाबद्दल एक भांडण गॅरेजमध्ये नेहमी ऐकू येतं, की जुन्या बॉक्सचं तेल बदललं की तो मरतो. त्यात तथ्य अगदीच नाही असं नाही. मरायला टेकलेला बॉक्स तसाही मरणारच असतो, लोक शेवटी तेल बदलून पाहतात आणि दोष तेलावर येतो. पण मशीन लावून दाबाने फ्लश केलं तर बसलेला गाळ सुटून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो, तेव्हा ते टाळावं. नुसतं खालून काढायचं आणि तेवढंच वरून भरायचं. त्यात निम्म्याच्या आसपास तेल बदलतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही दिवस चालवून पुन्हा एकदा. आमचे ६,४०० दोन वेळच्या तेलाचे आहेत. आणि तेल गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या प्रतीचंच हवं, "सब एकच असते" म्हणणाऱ्याकडून घेऊ नये. सीव्हीटीचं तेल तर पूर्ण वेगळं.

भंगारातला बॉक्स आम्ही घेतला नाही, पण तो नेहमीच वाईट असं नाही. अपघातात मागून ठोकलेल्या, कमी चाललेल्या गाडीचा बॉक्स मिळाला तर खोलकामाहून बरा. कुर्ला, दिल्लीचं मायापुरी, चेन्नईचं पुदुपेट्टै अशा बाजारांतून तो येतो. घेताना बॉक्सवरचा कोड आपल्याशी अक्षर न अक्षर जुळवा. दिसायला एकच असून रेशो वेगळा असतो. कन्व्हर्टर सोबत मागा. बॉक्समधल्या तेलाचा वास घ्या. पक्कं बिल घ्या. आणि बसवण्याआधी, तो गाडीबाहेर असतानाच, पुढचं सील आणि फिल्टर बदलून घ्या, नंतर तेच करायला पुन्हा १२,००० मजुरी. जुन्या बॉक्सचा गाळ कूलरमध्ये आणि नळ्यांत साचलेला असतो, तो धुतला नाही तर नव्या बॉक्सची पहिली आंघोळ त्याच घाणीत. कन्व्हर्टर पंपात शेवटपर्यंत बसला की नाही हे बोल्ट आवळण्याआधी पाहणं, हेही महत्त्वाचं. तो अर्धवट बसला असताना बोल्टांनी ओढला तर पंप तिथेच तुटतो.

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या बॉक्सचं झालं. आता 'ऑटोमॅटिक' नावाखाली चार वेगळी यंत्रं विकली जातात. २०१४ मध्ये सेलेरिओ आली तेव्हापासून स्वस्त गाड्यांत एएमटी पसरली. तो मुळात साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला माणसाऐवजी ॲक्चुएटर. त्यात क्लच प्लेट झिजली तर प्लेट बदला, ॲक्चुएटर गेला तर ॲक्चुएटर, अख्खा बॉक्स बदला म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. डबल क्लचवाल्या बॉक्सचं काम जाणकाराकडेच, तिथे मी ज्ञान पाजळत नाही. कारच्या सीव्हीटीत पोलादी पट्टा दोन पुलींवर धावतो. पुलीवर चरे पडले की गावातली दुरुस्ती संपली.

आणि हॉस्टेलच्या स्टँडवर उभ्या असलेल्या बिनगिअरच्या स्कूटर? त्याही सीव्हीटीच, फक्त पट्टा रबरी. डच कंपनी डाफने १९५८ साली रबरी पट्ट्याची व्हॅरिओमॅटिक कारमध्ये दाखवली, आणि आपल्याकडे ही गोष्ट घरोघरी नेली ती पुण्याच्या कायनेटिकने होंडाबरोबर काढलेल्या कायनेटिक होंडाने. स्कूटर उचलत नाही, आरपीएम वाढतो पण पळत नाही, अशी तक्रार असेल तर पट्टा, रोलर आणि क्लच शू एवढंच पाहायचं. इथे दुरुस्ती की बदली हा प्रश्नच नाही. पट्ट्याला बारीक भेगा दिसल्या किंवा रुंदी मर्यादेखाली गेली तर तो सरळ बदलायचा, रोलरला सपाट ठिकाण पडलं असेल तर रोलरही. तुटलेला पट्टा रात्री अकराला हायवेवर फार महाग पडतो.

आमच्या गाडीचं काम मे २०२५ मध्ये दोन दिवसांत झालं, मोठ्या आईची एकही खेप चुकली नाही. सात हजार किलोमीटर झाले. दुपारचं अडून बसणं गेलं, 'डी' लगेच लागतो. पूर्ण बरं झालं असं म्हणणार नाही. चढावर दुसऱ्यावरून तिसऱ्यात जाताना आरपीएम अजून थोडासा उसळतो, म्हणजे त्या गठ्ठ्याचं अस्तर झिजलेलं आहे आणि ते तेलाने परत येणार नाही. पाच हजारांवर तेल पुन्हा पाहिलं, तपकिरी आहे, काळं नाही. घरी ठरलं ते असं: उसळी वाढली किंवा तेल काळं झालं, तर आधी फेरनोंदणीच्या दृष्टीने बॉडी तपासायची. ती पास होण्यासारखी असेल तरच ८५,००० चं खोलकाम, नसेल तर तेच पैसे जुन्या एएमटीत घालायचे. मोठे बाबा दर रविवारी वहीत किलोमीटर, गाडी गरम असताना 'डी' लागायला किती सेकंद, आणि पार्किंगखाली डाग आहे की नाही, एवढं लिहितात. ही वही मला आमच्या लॅबच्या जर्नलपेक्षा जास्त खरी वाटते.

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, आणि तेल जितकं तापेल तितकं लवकर मरतं. म्हणून उन्हाळा लागायच्या आत रेडिएटरपुढे एक छोटा जादा ऑइल कूलर बसवायचा आहे. त्याचं ब्रॅकेट ३ मिमीच्या पट्टीचं, चार भोकांचं, आपल्याच वर्कशॉपच्या फिटिंग सेक्शनमध्ये करता येईल का, हे या आठवड्यात सरांना विचारणार आहे.